न उलगडणाऱ्या कवितांचं चित्रपुस्तक : प्रकल्प नोंदी

६ जून

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी २४ पानांचं चित्रपुस्तक. आकार २१० × २१० मिमी, मधोमध पिना, कव्हर वेगळं. आत पाच कविता, आणि पाचही प्रयोगशील: यमकावर न चालणाऱ्या, गोष्ट न सांगणाऱ्या, पहिल्या वाचनात हाती न लागणाऱ्या. नादाशी, अक्षरांच्या आकाराशी आणि शब्दांच्या मोडतोडीशी खेळायची सवय मुलांना बोलायला लागल्यापासून असते. कविता म्हणून त्यांच्यापुढे फक्त ठेका आणि बोध ठेवला, की ती सवय तिथे काही कामाची राहत नाही. या पुस्तकाचा सगळा भर तिच्यावर आहे.

चित्रकारासाठी नियम एकच, पण तो शेवटच्या पानापर्यंत पाळायचा: चित्राने कवितेचा अर्थ सांगायचा नाही, ती कशी वाचायची ते सांगायचं. सुरुवात कुठून, आवाज केवढा, थांबायचं कुठे, बोट कुठून कुठे न्यायचं, पुस्तक कधी फिरवायचं. प्रत्येक रेखाटन याच कसोटीवर तपासायचं. आधी नुसती कविता वाचायची, मग चित्रासकट. चित्र पाहिल्यावर वाचायच्या वाटा कमी झाल्या तर चित्र बाद. वाढल्या किंवा निदान तेवढ्याच राहिल्या तर पुढे जायचं.

कविता नव्याने लिहायच्या. नादकविता आणि आकारकविता भाषांतरात टिकत नाहीत, कारण त्यांचं सगळं वजन त्या त्या लिपीत आणि उच्चारात असतं. तंत्र मात्र कुठूनही शिकता येतं.

११ जून

आधी झालेल्या कामातून काय घ्यायचं याची चर्चा. रशियन चित्रकार एल लिसित्स्की यांचं दोन चौकोनांचं चित्रपुस्तक १९२२ मध्ये बर्लिनमध्ये छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीलाच मुलांना सांगितलंय की वाचू नका. कागद घ्या, काड्या घ्या, ठोकळे घ्या, घड्या घाला, रंगवा, बांधा. आपल्याला हवा तो पवित्रा हाच: पुस्तक म्हणजे कृतीची सामग्री.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रियन कवी एर्न्स्ट यांडल यांच्या एका छोट्या कवितेचं. दार उघडतं, एक जण बाहेर येतो, एक आत जातो, रांग एकाने कमी होते. कवितेत जवळजवळ एवढंच, आणि तेही मोजक्याच शब्दांत. चित्रकार नॉर्मन युंगं यांनी १९९७ मध्ये तिचं चित्रपुस्तक केलं आणि दवाखान्यात वाट बघत मोडकी खेळणी बसवली. त्यात शिकण्यासारखं आहे ते पान उलटण्याचं भान. कविता सलग म्हटली तर अर्ध्या मिनिटात संपते. पानांवर पसरली की प्रत्येक ओळीआधी वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणं हाच तर तिचा विषय आहे. पान उलटणं हा कवितेतला विराम असतो, तेव्हा तो कुठे येतो हे चित्रकाराच्या आधी कवीने ठरवायचं.

१८ जून

पानांची मांडणी पक्की केली. पानं २४, कारण घडी घातलेल्या एका कागदाची चार पानं होतात, म्हणून संख्या चारच्या पटीत हवी.

पान १ शीर्षक. २–३ 'जिना'. ४–५ 'बाटलीतला भुंगा'. ६ वर पट्ट्यांच्या कवितेचं नाव. ७ ते १८ ही सहा पानपत्रं (पाठपोट दोन पानं मिळून एक पानपत्र) त्या कवितेसाठी तीन पट्ट्यांमधे आडवी कापलेली. पुस्तकाची मधली घडी १२ आणि १३ च्या मधे येते, म्हणून कापलेला भाग नेमका मधल्या तीन कागदांवर बसतो आणि तेवढाच कागद जाड घेता येतो. १९ वर 'पालीची चाहूल'. २० ते २३ 'बोल', त्यात २१–२२ या पानपत्राला आरपार भोक. २४ वर मोठ्यांसाठी टीप, ८० शब्दांच्या आत.

प्रस्तावना नाही. मुलाच्या आधी प्रस्तावना वाचली जाते ती मोठ्यांकडून, आणि मग ती तोंडी समजावून सांगितली जाते. टीप शेवटी असली की निदान पहिलं वाचन मोकळं होतं.

२५ जून

'जिना'. कविता अशी:

मी वर
वर तू
तू खाली
खाली मी

वरून खाली वाचा किंवा खालून वर, वाक्यं बसतात. फक्त कोण कुठे उभं आहे ते सारखं बदलत राहतं. पहिल्या रेखाटनात पायऱ्यांवर दोन मुलं होती, एक लाल शर्टातलं, एक निळ्या. दिसायला छान, पण कसोटीवर बाद. लाल शर्ट वरच्या पायरीवर दिसला की तोच 'मी', आणि कविता तिथेच संपते.

माणसं काढून टाकली. राहिला नुसता जिना. त्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख श्र्योडर यांची १८५८ मधली प्रसिद्ध आकृती उपयोगी पडली: जिना वरून पाहिल्यासारखाही दिसतो आणि खालून पाहिल्यासारखाही, आणि पान उलटं फिरवलं तरी जिनाच राहतो. पान २ वर कविता सरळ, पान ३ वर तीच कविता १८० अंशात फिरवलेली. मूल पुस्तक उलटं धरतं तेव्हा डावं पान उजवं होतं आणि दुसरी कविता सरळ होऊन समोर येते. 'पुस्तक फिरवा' असं कुठेही छापायचं नाही. उलटी अक्षरं दिसली की हात आपोआप फिरतो.

या आकृतीत एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन्ही भिंतींच्या छटांमधे फरक जास्त झाला तर मेंदू एकच बाजू धरून बसतो. छटा २० टक्के आणि ३० टक्के अशा जवळच्या ठेवल्या, सावल्या पूर्ण काढल्या. सावली प्रकाशाची दिशा ठरवते, आणि दिशा ठरली की वर-खालीही ठरतं.

३ जुलै

लिपीचा दिवस. देवनागरीत आकारकविता जुळवताना ज्या अडचणी येतात त्या रोमन लिपीत येतच नाहीत. त्या एका जागी लिहून ठेवतोय.

अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. फॉन्टमधे शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींना टेकतात म्हणून ती सलग दिसते; अंतर वाढवलं की मधे फटी पडतात. उपाय दोन. एक म्हणजे अंतर वाढवून वर शिरोरेषेच्या जाडीची स्वतंत्र रेघ काढायची. दुसरा, फट मुद्दाम ठेवायची. आम्ही ठरवलं की आवाज तुटतो तिथेच रेघ तुटेल, बाकी कुठेही नाही. सातव्या वर्षाच्या आसपासची मुलं हे न सांगता ओळखतात आणि फटीपाशी थांबतात.

वक्ररेषेवर अक्षरं चढवली की आणखी गंमत होते. कमानीवर शिरोरेषा बाहेरच्या बाजूला असते, म्हणून तिथे ती फाकते. खोलगट वळणावर ती आतल्या बाजूला येते आणि वेलांट्या, मात्रा एकमेकींवर चढतात. संगणकाकडून यातलं काही नीट होत नाही. वळणदार ओळी हाताने लिहायच्या: आधी शिरोरेषेचं वळण पेन्सिलीने काढायचं आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. देवनागरी वरून लटकते, खालच्या रेघेवर बसत नाही. हे चित्रकाराच्या हाताला एकदा समजलं की ओळी सुंदर वळतात.

शब्द उभा लिहायचा झाला तर तो अक्षरागणिक तोडायचा. 'किल्ली' म्हणजे कि, ल्ली. टाइप केलेला शब्द कळीगणिक खाली उतरवला तर वेलांटी एका ओळीत आणि क दुसऱ्या ओळीत जातो, किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ल् एकटा राहतो.

सुट्टी मात्रा किंवा सुटा अनुस्वार टाइप केला की पुष्कळ फॉन्ट खाली ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात. ते वर्तुळ म्हणजे 'इथे अक्षर हवं होतं' अशी खूण. चिन्हाआधी न तुटणारी मोकळी जागा टाइप केली की सहसा ते जातं. तरीही छपाईच्या फाइलमधे अशा चिन्हांचं रेखांकन करून टाकावं (अक्षराची नुसती आकृती करावी), म्हणजे दुसऱ्या मशीनवर वर्तुळ परत उगवणार नाही.

पानं लावण्याच्या प्रोग्राममधे मजकुराची भाषा मराठी निवडायची, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातला ल आणि हा ल वेगळा दिसला तर ते तिथेच अडतं, आणि अडायला या पुस्तकात आधीच खूप काही आहे.

फॉन्ट 'मुक्त' घेतला. खुल्या परवान्याचा आहे, आणि अगदी बारीकपासून अगदी ठळकपर्यंत सात वजनं मिळतात. ती आवाजासाठी लागणार आहेत.

१० जुलै

'बाटलीतला भुंगा', नादकविता. मूळ पाठ:

घुं घुं घुंऽ
घींऽऽ
घीं घ घ
घ्
ं

शेवटी एकटा अनुस्वार. आधीच्या ओळींमधे तो प्रत्येक वेळी कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला असतो. शेवटी खालचं अक्षर निघून जातं आणि नुसता टिंब उरतो. तो मोठ्याने कसा वाचायचा? ओठ मिटून. छातीत हवा आहे तोवर. हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही, कारण वरच्या चार ओळी वाचता वाचता तोंड त्याच आकारापर्यंत आलेलं असतं. टिंबाचा व्यास ४ मिमी ठेवला. ६ मिमीचा करून पाहिला तर ते चेंडूचं चित्र वाटायला लागलं, अक्षराशी नातं तुटलं. २ मिमीचा छपाईतला डाग वाटतो.

नियम पानावर लिहायचे नाहीत, पण पक्के हवेत. पानावरची उंची म्हणजे आवाजाची पट्टी. आकार म्हणजे जोर. मोकळी जागा म्हणजे गप्प. अवग्रह (ऽ) एक म्हणजे एक ठोका लांबवायचा, दोन म्हणजे दोन. आकार तीनच: १८, ३४ आणि ६४ पॉइंट. आकारांमधली उडी जवळपास दुप्पट हवी. २४ आणि ३० हा फरक डोळ्याला दिसतो, पण आवाजात उतरत नाही. मुलं दोन्ही सारख्याच जोरात वाचतात. आकाराबरोबर वजनही बदलायचं, म्हणजे लहान अक्षर बारीक आणि मोठं ठळक. तसं केलं नाही तर मोठं पण बारीक अक्षर 'मोठ्याने' न वाटता 'लांबून' वाटतं. (ही शक्यता पुढच्या एखाद्या कवितेसाठी राखून ठेवण्यासारखी आहे.)

जोडाक्षरं टाळली. नादकवितेत विचित्र जोडाक्षरं घालायचा मोह होतो, पण वाचायला शिकणारं मूल तिथे उच्चार जुळवत बसतं आणि नाद हरवतो. बाराखडीत बसेल तेवढंच. 'घ्' हा एक अपवाद, कारण तिथे अडखळणंच हवं आहे.

चित्र: भुंगा कुठेही काढायचा नाही. काढला की मुलं त्याच्याकडे बघतात आणि अक्षरं नुसतं सजावटीचं काम करतात. दोन्ही पानांवर काचेचा हिरवट रंग, कडेला जाड होत गेलेला, म्हणजे पानाची कड हीच बाटलीची भिंत. अक्षरं भुंग्याच्या वाटेने जातात, कडेला आपटतात, मागे फिरतात.

२२ जुलै

पट्ट्यांची कविता. मूळ कल्पना फ्रेंच लेखक रेमों केनो यांची, १९६१ ची: चौदा ओळींची दहा सुनीतं, प्रत्येक ओळ वेगळ्या पट्टीवर, म्हणून जुळण्या दहाचा चौदावा घात, म्हणजे एकावर चौदा शून्यं. मुलांसाठी तीन पट्ट्या आणि सहा पानपत्रं पुरेशी आहेत: ६ × ६ × ६ = २१६ वाक्यं.

मराठीत हे करताना पहिला दगड व्याकरणाचा. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं: ढग आला, वीज आली, घड्याळ आलं. वरच्या पट्टीवर 'वीज' आणि खालच्या पट्टीवर 'हळूच शिंकला' आलं तर मुलं हसतात, पण ते हसणं चुकीला असतं, कवितेला नसतं. वर्तमानकाळातही येतो, येते, येतं आहेच. भविष्यकाळात मात्र तृतीयपुरुषी एकवचनाला लिंग नाही: तो येईल, ती येईल, ते येईल. म्हणून सगळी कविता भविष्यकाळात. याने एक जास्तीची गोष्टही साधली; प्रत्येक वाक्य भाकितासारखं ऐकू येतं.

वरची पट्टी, कर्ता: गोगलगाय / ढग / डावा मोजा / वीज / घड्याळ / कुणीतरी
मधली पट्टी: पायऱ्या मोजत / उलट्या छत्रीत / स्वतःच्या सावलीवर / कुणाला न सांगता / पाण्याखालून / सगळ्यांच्या नंतर
खालची पट्टी: हळूच शिंकेल / चंद्र गिळेल / आपलं नाव विसरेल / दार उघडेल / मागे वळून बघेल / उद्या परत येईल

मधल्या पट्टीवर कर्त्याशी जुळवावं लागणारं विशेषण येऊ द्यायचं नाही. 'एकटा बसून' चालत नाही, 'पायऱ्या मोजत' चालतं. कर्त्यातलं 'डावा' चालतं, कारण ते नामासोबत एकाच पट्टीवर आहे. शब्द निवडताना २१६ पैकी कुठलंही वाक्य अगदीच नेहमीचं होणार नाही हे बघितलं. 'ढग उद्या परत येईल' हे तसं साधं आहे, पण मधे 'स्वतःच्या सावलीवर' आलं की साधं राहत नाही.

चित्र एकाच सलग रेघेचं. गोगलगायीच्या पट्टीवर गोगलगाय नाही, गुंडाळत जाणारी संथ रेघ. विजेच्या पट्टीवर तुटक कोनांची. प्रत्येक रेघ कापाच्या जागी कण्यापासून ८० आणि १३० मिमीवर असलेल्या दोन खुणांमधूनच गेली पाहिजे, म्हणजे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जुळते. रेघेची जाडी सगळीकडे २ मिमी.

पट्ट्यांच्या मागच्या बाजूला शब्द किंवा रेघ छापायची नाही. पट्ट्या वेगवेगळ्या उलटल्या की मागच्या बाजू डावीकडे दिसतात. तिथे शब्द असले तर मूल डावी-उजवी मिळून एकच वाक्य वाचायला जातं आणि गुंता होतो. फक्त सपाट पिवळा रंग.

५ ऑगस्ट

पट्ट्या कापण्याची नोंद, कारण डमीत (हाताने बांधलेल्या नमुना प्रतीत) सगळ्यात जास्त अडचणी इथेच येतात.

मधले तीन कागद २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), बाकीचे १५० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला छपाईचा कागद. कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. आडवी आली तर पट्ट्या ताठ राहतात, उलटल्यावर परत येतात आणि घडीवर कागद फुटतो. दिशा ओळखायची असेल तर कागदाचा तुकडा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघावा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या वळणाला तंतू समांतर असतात. २०० जीएसएमला घडीआधी क्रीज (घडीच्या जागी दाबून केलेली रेघ) मारायचीच.

कागद आधी कापून मग बांधले तर ते एकमेकांत बसताना वर-खाली थोडे सरकतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही पट्ट्या एकमेकींत अडकतात. म्हणून डमी आधी बांधायची, कडा कापून घ्यायच्या, मग सहाही पानपत्रं एकदम कापायची. पान १९ च्या वर जाड पुठ्ठा सरकवायचा, स्टीलची पट्टी आणि नवं पातं घ्यायचं, आणि जोर न लावता चार-पाच वेळा पातं फिरवायचं. काप वरून ७० आणि १४० मिमीवर. कण्यापासून २० मिमी आधी थांबायचं आणि तिथे ३ मिमीचं गोल भोक आधीच पाडून ठेवायचं. ते नसेल तर थोड्याच दिवसांत काप कण्यापर्यंत फाटत जातो. नुसता चिरलेला कापही पुरत नाही, दोन पट्ट्यांमधून १ मिमीची चिंधी काढून टाकावी लागते, म्हणजे कडा घासत नाहीत.

सहा कागद एकात एक घातले की मधली पानं बाहेर सरकतात. या जाडीला हा सरक १ मिमीच्या आसपास येतो, आणि कडा कापताना तेवढंच मधल्या पानांचं कमी होतं. बाहेरच्या कडेपासून ८ मिमीच्या आत अक्षर नको. कण्याच्या बाजूला १५ मिमी सोडायचे. 'भुंगा'मधे अक्षरं एका पानावरून दुसऱ्यावर जातात तिथे घडी दोन अक्षरगटांच्या मधेच पडेल असं बघितलं. घडीत गेलेली वेलांटी मुलांना दिसतच नाही.

१४ ऑगस्ट

'पालीची चाहूल'. शब्द फक्त शीर्षकात. खाली लघु-गुरूच्या खुणा:

– ∪ ∪ –
∪ ∪ ∪
–

∪

जर्मन कवी क्रिस्टियान मॉर्गनस्टर्न यांनी १९०५ मध्ये एक अख्खी कविता अशा खुणांचीच छापली होती, माशाच्या नावाने. मराठीत या खुणा वृत्तांच्या धड्यात पुढे भेटतातच. इथे त्या आधी भेटतात, नावाशिवाय. ∪ म्हणजे बोटाचा एक ठोका, – म्हणजे कागदावरून सरकवलेलं बोट, दोन ठोक्यांइतकं. रिकामी ओळ म्हणजे बोट वर उचललेलं, पुढच्या ठोक्यापर्यंत. ती सगळ्यांना अवघड जाते, मोठ्यांना जास्त.

∪ कडे बघून वाटी, हसणारं तोंड असं काही वाटायला लागतं, विशेषतः जवळ दुसरं चित्र असेल तर. म्हणून सगळ्या खुणा एकाच जाडीच्या, सरळ ओळीत, आणि आजूबाजूला काही नाही. फक्त पानाच्या वरच्या कडेला शेपटीचं टोक, तेही रिकाम्या ओळीच्या उंचीपासून लांब.

२ सप्टेंबर

'बोल'. पान २१ भर १८ पॉइंटमधे 'बोल बोल बोल' अशा दाट ओळी आणि मधे ५० मिमी व्यासाचं आरपार भोक. मधे रिकामी जागा सोडून गप्प राहणं दाखवायचं तंत्र स्विस कवी ऑयगेन गोमरिंगर यांनी १९५० च्या दशकात केलं, एकच शब्द चौदा वेळा आणि मधे एक रिकामी जागा. आपल्याकडे जागा नुसती रिकामी नाही, कापलेली आहे. बोट आत जातं.

भोकाच्या कडेला शब्द कापले जातात. 'बोल' निवडायचं कारण हेच: त्यात जोडाक्षर नाही, आणि उरलेला 'बो' किंवा 'ल' म्हणता येतो. वाचताना कडेशी आलं की आवाज अर्ध्यावर तोडायचा, भोक ओलांडायचं, पलीकडे उरलेला 'ल' म्हणायचा.

भोक दोन्ही बाजूंनी भोकच असतं. पान २१ वर असताना त्यातून पान २३ दिसतं, पान उलटल्यावर २२ वरून पान २० दिसतं. या दोन्ही पानांवर त्या वर्तुळात काय येतं ते वेगळं तपासलं. २३ वर सपाट निळा, २० वर पांढरा. रेखाटनात २३ वर कान काढला होता; तो गेला, कारण कान म्हणजे 'ऐका' असा आदेश. आता २२ वर भोक सोडून काहीच नाही, आणि २३ वर निळ्याच्या खालच्या कोपऱ्यात १८ पॉइंटमधे एकदाच 'बोल'.

भोकाची कड कण्यापासून निदान २५ मिमी दूर हवी. त्याहून जवळ असेल तर पान उलटताना कागद तिथेच मोडतो. भोकामागच्या पानाचा रंग कडेला १ मिमी सरकलेला दिसू नये म्हणून निळं वर्तुळ न छापता अख्खं पान निळं केलं.

१९ सप्टेंबर

वाचनाची पद्धत. गट दहा-बारा मुलांचा, वेळ २५ मिनिटं, एका वेळी एकच कविता. पाच कविता एकदम दाखवल्या की मुलं गमतीची पानं शोधायला लागतात आणि 'पालीची चाहूल' कुणी उघडतही नाही.

आधी एक मिनिट नुसतं बघणं, कुणी बोलायचं नाही. मग मोठ्या माणसाने एकदा वाचायचं, सपाट, अभिनय न करता. अभिनय केला की मुलं त्याचीच नक्कल करतात आणि पान बघत नाहीत. तिसऱ्या वाचनात एक मूल बोट फिरवतं आणि बाकीचे त्या बोटाप्रमाणे आवाज काढतात. जास्तीत जास्त काम इथेच होतं. बोट मागे गेलं तर आवाजही मागे जातो, टिंबावर थांबलं तर सगळे ओठ मिटून गुणगुणतात, आणि बोट उचललं की थांबतात. ज्यांना अजून वाचता येत नाही ती मुलं यात मागे पडत नाहीत. बोट फिरवायला त्यांनाच आधी बोलवावं.

'याचा अर्थ काय?' हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की खोलीत एकच उत्तर आहे आणि ते मोठ्या माणसाकडे आहे असं ठरतं. त्याऐवजी: कुठून सुरू करू? इथे आवाज का बदलला? हे पान काढून टाकलं तर चालेल का? कुणी याहून वेगळं वाचेल?

'ही कविता आहे का?' असं मुलं विचारतातच. कवितेची बाजू घ्यायला धावू नये. 'कवितेत असतं ते यात काय काय नाही?' असा प्रश्न परत टाकावा. यमक नाही, ओळी नाहीत, फूल नाही, शेवट नाही अशी यादी फळ्यावर लिहावी आणि मग ज्याला हवं त्याने त्यातलं एक घालून बघावं. 'भुंगा'ला यमक जोडून पाहिलेलं मूल ते स्वतःच काढतं किंवा ठेवतं, दोन्ही चालतं.

गोंगाट वाढतो तो 'बोल'मधे, आणि कारण मांडणीतच आहे: दाट ओळी म्हणजे जोर असं वाटतं. म्हणून सुरुवात कुजबुजीपासून करायची आणि पान उलटेपर्यंत आवाज वाढवायचा नाही, एवढीच अट. कुजबुजत म्हटलेल्या दाट ओळींमधलं भोक ओरडून म्हटलेल्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

७ ऑक्टोबर

पुस्तकासोबत एक सुटा कागद: झाकून कविता. छापलेल्या गद्याचं एक पान, त्यातले नको ते शब्द काळ्या खडूने झाकायचे, उरतील ते कविता. मराठीत शब्दाचा तुकडा ठेवायची मुभा दिली की मजा वाढते, कारण प्रत्यय मागे चिकटलेले असतात: 'घरातल्यांना' मधलं 'घर', 'घरात' वेगळं करता येतं. पण सगळीकडे जमत नाही. 'पाण्यात'चा 'त' झाकला तर 'पाण्या' उरतं. मुलांना हे चालतं, 'पाण्या' ही हाक होते. मजकूर १६ पॉइंटमधे, ओळींमधलं अंतर दुप्पट, नाहीतर खडूने खालच्या ओळीचे उकारही झाकले जातात. आधी ठेवायच्या शब्दांना पेन्सिलीने गोल करायचं, मग झाकायचं. उलटं केलं तर अर्ध्या वेळात सगळं पान काळं होतं.

३० ऑक्टोबर

छपाईसाठी फाइल द्यायची तयारी. सगळ्या कविता रेखांकनात बदलल्या, पान २४ ची टीप मजकूर म्हणूनच ठेवली. ब्लीड (कापायच्या कडेबाहेर जास्तीचा छापलेला रंग) ३ मिमी. काप, क्रीज आणि भोक यांच्या खुणा वेगळ्या थरावर, वेगळ्या रंगात, 'छापू नये' अशी सूचना देऊन. भोक पाडायचा साचा पान २१ च्या बाजूने वापरायचा, हे लिहून दिलं. कागद उलटा गेला तर भोक कण्यापासून चुकीच्या अंतरावर येतं.

प्रूफ तपासताना पडद्यावर बघायचं नाही, कागदावर आणि तेही मोठ्याने वाचून. ठिपक्यांचं वर्तुळ, तुटलेली शिरोरेषा आणि हिंदी वळणाचा ल या तीन गोष्टींसाठी तीन वेगळी वाचनं.

पान २४ ची टीप अशी ठरली: 'पुस्तक मुलाच्या हातात द्या. ते उलटं धरेल, बोट घालेल, मधेच थांबेल; तसं वाचायचंच आहे. तुम्हीही एकदा मोठ्याने वाचा. समजलं नाही तर तसं सांगा, आणि पुन्हा वाचा. एका दिवशी एक कविता पुरे. पट्ट्या फाटल्या तर मागून पातळ कागदाची पट्टी गोंदाने लावा. पारदर्शक चिकटपट्टी लावली तर ती पिवळी पडते आणि पट्ट्या एकमेकींना चिकटतात.'